हळदीच्या रात्रीचा धवला

मुंबई-गोवा महामार्गावर पळस्प्याचा फाटा मागे पडला की लवकरच शिरढोण येते. कोकणात निघालेली मंडळी या सुमारास डबे उघडायच्या विचारात असतात आणि मुलांचे डोळे कर्नाळ्याच्या सुळक्याकडे लागलेले असतात. गाव केव्हा आले नि केव्हा गेले याचा पत्ता लागत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांना वासुदेव बळवंतांमुळे. आद्यक्रांतिकारक फडके यांचा जन्म येथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. नातवाचा शेवट झाला तो १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, समुद्रापलीकडे एडनच्या तुरुंगात. पनवेलच्या नाट्यगृहालाही त्यांचेच नाव दिलेले आहे.

माझे शिरढोणला जाणे मात्र गेल्या वैशाखात झाले ते एका हळदीसाठी.

त्याचे असे झाले. मराठी हा मुख्य विषय घेऊन बी. ए. करणारी मुले आताशा बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांना मी महदंबेचे 'धवळे' शिकवीत होते. तेराव्या शतकातली ही महानुभाव पंथातली बाई, मराठीची आद्य कवयित्री. रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली, भक्तांनी मांडव घातला, आणि त्या प्रसंगी महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी म्हटली, तेच हे धवळे. परीक्षेला हमखास येणारा भाग असल्याने वर्ग निमूटपणे लिहून घेत होता. एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, हे आमच्याकडे लग्नात असतं. आम्ही धवला म्हणतो. माझ्या बहिणीची हळद आहे, तुम्ही याच."

आमंत्रण तोंडी होते, पण त्यात आर्जव होते. आणि खरे सांगायचे तर, वीस वर्षे जो प्रकार खडूने फळ्यावर लिहिला तो कोणी गळ्याने म्हणते आहे, हे ऐकल्यावर घरी बसवेल तरी कसे?

पनवेल, उरण, पेण या पट्ट्यात उन्हाळा हाच गाण्याबजावण्याचा काळ आहे, आणि त्याचे कारण शेतीत आहे. इथली शेती भाताची आणि बहुतेक एकाच पिकाची. दिवाळीच्या मागेपुढे कापणी होते, मग झोडणी. पुढे खाचरे रिकामी पडतात ती थेट मृगापर्यंत. हातात थोडा पैसा, अंगाला सवड आणि मांडव घालायला सपाट जमीन. मग चैत्र लागला की धामधूम सुरू होते. चैत्र शुद्ध सप्तमीच्या सुमारास कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा. तिला रायगड, ठाणे, मुंबईची आगरी-कोळी मंडळी घाट चढून लोटतात. तिकडून परतली की गावोगावच्या जत्रा: पालखी, पाळणे, कुस्त्या, रात्री भजन. इथल्या भजनी बुवांना शहरातल्या रसिकांनी एकदा ऐकावेच. पेटीवर बसलेला माणूस दिवसा एखाद्या कारखान्यात पाळी करून आलेला असतो, पण अभंगाला हात घालण्यापूर्वी असा ऐसपैस आलाप करतो की, घड्याळाकडे पाहणारा पाहुणा घड्याळ विसरतो. दुपारी त्याच खाचरांत टेनिसच्या चेंडूचे क्रिकेटचे सामने आणि ध्वनिक्षेपकावरून आगरी बोलीत त्यांचे धावते वर्णन. तेही मला संगीताच्याच सदरात घालावेसे वाटते.

पण या साऱ्याचा कळस म्हणजे लग्न, आणि लग्नाचा कळस हळद. आपल्याकडे हळद म्हणजे सकाळच्या वेळी घरच्या चार बायकांनी उरकण्याचा विधी. आगरी घरात हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी. गाव जेवते, गाव नाचते.

आणि या रात्रीची यजमानीण असते धवलारीण.

धवलारीण म्हणजे धवले म्हणणारी बाई. तिला गाणारी म्हटले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. जुनी माणसे सांगतात की, पूर्वी लग्नाचे सारे विधी धवलारणीच्याच तोंडून होत. भटजी नसला तरी चाले, ती नसली तर चालत नसे. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून भटजीवाचून लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा केवढा गहजब झाला! इकडे खाडीकाठी अक्षरओळख नसलेल्या बायका गाण्यातून लग्ने लावीत होत्या आणि त्याची वर्दी कोणाला नव्हती. आता मंगलाष्टकांपुरते भटजी येतात. बाकीचे काम, निदान ज्या घरांना अजून त्याची चाड आहे तिथे, तिचेच.

शब्दाचे थोडे बोलू द्या, शेवटी पोटापाण्याचा धंदा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ११२९ ते ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा भला मोठा संस्कृत ग्रंथ रचला. कोणत्या प्रसंगी कोणते गाणे म्हणावे हे सांगताना त्यात महाराष्ट्रातल्या बायकांची कांडणाच्या वेळची ओवी येते, आणि विवाहाला धवल गावा असेही येते. म्हणजे महदंबेच्याही आधी दीडशे वर्षे हा प्रकार रूढ होता. गुजरातीत त्याचा धोळ झाला, मराठीत धवळा. आगरी बोलीत 'ळ' चा 'ल' होतो, 'काळा' चा 'काला', 'डोळा' चा 'डोला'; तसा 'धवळा' चा 'धवला' झाला. शहरातली मुले ज्या उच्चाराला हसतात, तो येथे नेमका संस्कृत शब्दाशी जाऊन भिडतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा शिलालेखांची आणि पोथ्यांची पुष्कळ उजळणी झाली. शिरढोणच्या मांडवाचे नाव कोणी घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. महदंबेचे गाणे रिद्धपुराहून चालत पनवेलला आले असे माझे म्हणणे नाही. एका जुन्या रिवाजाच्या या दोन फांद्या. एक पोथीत वाळली म्हणून टिकली. दुसरी ओली आहे आणि म्हणूनच तिची काळजी वाटते.

मी पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. अंगणात मांडव, खांबाला उंबराची डहाळी, आंब्याची पाने. मांडवाच्या एका अंगाला बेंजो पार्टीचे सामान उतरत होते. चार ध्वनिक्षेपक, माणसाच्या उंचीचे. दुसऱ्या अंगाला, जात्याजवळ, सत्तरी ओलांडलेली एक सडसडीत बाई तांदळाच्या पिठाने चौक भरीत बसली होती. हीच ती. तिच्याबरोबर तिची सून आणि आणखी एक बाई. धवल्याला वाद्य नसते. एकीने ओळ उचलायची, दोघींनी ती ओढून न्यायची, बस्स.

मी जवळ जाऊन बसले. भ्रमणध्वनी दाखवून म्हणाले, "आजी, मांडव भरण्याआधी दोन धवले म्हणाल का? जपून ठेवीन."

तिने हात न थांबवता उत्तर दिले, "बाई, धवला मांडवान म्हनाचा. कामाबिगर म्हनलेला धवला कोनाला लागनार?"

या उत्तरातली 'लागणार' ही क्रिया माझ्या मनात अजून घोळते आहे. औषध लागू पडावे तसा धवला लागू पडायचा असतो. हळकुंडे जात्यात घातली की त्याचा एक, मुसळाला पाने बांधली की त्याचा एक, तेल लावताना एक, हळद लावताना एक. हात चालला की गाणे चालते. हात थांबला की थांबते. रंगमंचावर पाच बायकांना नऊवारी नेसवून ओळीने उभे करणारे लोककला महोत्सव मी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, चहाही चांगला असतो. पण तिथे हळद कोणालाच लागत नाही.

सात वाजता बेंजो सुरू झाला आणि माझ्या छातीतले ठोके त्याच्या तालावर पडू लागले. या वाद्याची हकिकत मोठी मौजेची आहे. अमेरिकन बँजोशी याचा नावापुरताच संबंध. हे मूळचे जपानी. १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो याने तंतुवाद्याला टंकयंत्रासारख्या पट्ट्या बसवून ते बनवले. आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झाले, वीज जोडल्यावर बेंजो झाले आणि मुंबई-कोकणच्या वरातींचा राजा होऊन बसले. वाजवणारा तिशीतला पोरगा होता, आणि बेटा काय वाजवीत होता! त्याला नाव ठेवायला माझी जीभ रेटणार नाही. म्हातारी माणसेसुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या खांदे उडवीत होती.

अडचण घड्याळाची होती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती उचलून धरली. वस्तीच्या भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबेल. नियम योग्यच आहे. आजारी माणसाच्या आणि परीक्षेच्या पोराच्या घरी विचारा. पण पूर्वी हळद रात्रभर चाले, तेव्हा बाजालाही जागा होती आणि धवल्यालाही. आता दहाच्या आत सारे बसवायचे. सुपारी दिलेली, पोरे नाचायला आसुसलेली, सात ते दहा ही तीन तासांची वेळ बेंजोच्या वाट्याला जाते आणि धवलारणीला म्हणतात, "आये, दोन म्हण आणि उरक." तिची दक्षिणा म्हणजे एक लुगडे, नारळ, तांदूळ आणि यजमान हातावर ठेवील ते. बेंजोची सुपारी काही हजारांची. बाजारात कोणाचा शब्द चालायचा हे सांगायला अर्थशास्त्राचा प्राध्यापक नको.

आठ वाजता नवरी पाटावर बसली. हळद लावायला बायका पुढे झाल्या, धवलारणीने ओळ उचलली. तिचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हते. तेव्हा माझी विद्यार्थिनी उठली आणि गर्दीतून वाट काढीत सरळ बेंजोवाल्यापाशी गेली. काय बोलली ते कळले नाही. नाचणाऱ्या पोरांनी ओरडा केला. मुलीच्या मामांनी तिला हाताने बाजूला करण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात बेंजोवाल्यानेच पट्ट्यांवरचा हात उचलला, आपल्या साथीदारांना खाली बसण्याची खूण केली आणि मामांना म्हणाला, "माझ्या हळदीलापन हीच आय होती. म्हनू दे तिला."

अर्धा तास मिळाला. त्या अर्ध्या तासात देवांना बोलावणे झाले. गणपती आला, गावदेव आला, एकवीरा आली, खंडोबा आला. प्रत्येकाला वाटेने येताना काय दिसले, मांडवात बसायला काय दिले, सारे साग्रसंगीत. चाल एकसुरी, चारपाच स्वरांत फिरणारी. पहिल्या दहा मिनिटांत शहरी कानाला कंटाळा येतो. मग हळूहळू लक्षात येते की स्वर मुद्दामच लहान ठेवलेले आहेत. त्यांनी आपल्याकडे लक्ष वेधायचे नाही, ज्याला हाक मारली त्याच्याकडे न्यायचे. मग पुन्हा बेंजो, पुन्हा नाच. माणसांना बोलावणे अजून बाकी होते. धवलारीण मला म्हणाली, देवांना घाई असते, माणसांना दहाच्या नंतर बोलावू.

माणसांना म्हणजे कुळाला. धवल्यात घरातल्या सगळ्यांची नावे घ्यायची असतात, जिवंत आणि गेलेली. पणजे, आजे, काके, त्यांच्या बायका. तिला वाचता येत नाही. दोन दिवस आधी घरच्यांकडून नावे ऐकून तिने ती पाठ केलेली, चाळीसच्या घरात. आणि इथेच मघापासून मांडवात काहीतरी अडले होते, ते मला जेवणाच्या पंक्तीत उमगले.

नवरीच्या वडिलांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे बोलणे नव्हते. कारण तेच, या भागात घरोघरी असते ते: जमीन. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी खाडीकाठच्या गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानला शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या. पाच माणसे गेली. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्याने जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. पण पैसा आणि भूखंड दारात आले की वाटणीही दारात येते, आणि जी गावे तेव्हा बाजूला राहिली होती त्यांच्याही शिवारात पुढे गिऱ्हाइके हिंडू लागली. या दोघा भावांत एका खाचराच्या विक्रीवरून फाटले होते. धाकट्याला हळदीचे बोलावणे नव्हते. घर चार अंगणे पलीकडे.

वडिलांनी धवलारणीला बजावले होते, त्याचे नाव घ्यायचे नाही. ती काही बोलली नव्हती.

दहाला पाच कमी असताना बेंजो थांबला. ध्वनिक्षेपक बंद झाले, आणि इतक्या आवाजानंतर जी शांतता पडते ती कानाला जवळजवळ दुखते. निम्मी माणसे जेवून गेली होती. महामार्गावरच्या ट्रकांची घरघर आणि रातकिडे, एवढेच उरले. धवलारणीने घोटभर पाणी प्यायले आणि हाक घातली. आता तिचा आवाज ऐकू आला. सत्तरी उलटलेला, चिरलेला, पण पल्ला केवढा! खळ्यावरून खाडीपलीकडे हाक पोचवणाऱ्या बाईचा गळा होता तो. पणज्यापासून सुरुवात झाली. एकेक नाव, त्याची बायको, त्यांना मांडवात या म्हणून विनवणी. गेलेल्यांची नावे आली तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग नवरीचे वडील. आणि मग, जराही न थबकता, त्याच चालीत, धाकट्या भावाचे नाव आणि त्याच्या बायकोचे.

वडील खुर्चीतून अर्धवट उठले. "आये, सांगितलं होतं ना?"

तिने ओळ पुरी केली. सुनेने ती ओढून नेली. मग ती थांबली आणि म्हणाली, "एक मेढ काढल्यावं मांडव रवल का रं?" आणि पुढचे नाव घेतले.

ते बसले. कोणी काही बोलले नाही. चार अंगणे पलीकडे ते नाव ऐकू गेले असणारच; त्या वेळी गावात दुसरा आवाज नव्हता. धाकटा भाऊ आला, दोघे गळ्यात गळा घालून रडले, असे मी लिहिले असते तर आपल्यापैकी पुष्कळांना आवडले असते. तसे घडले नाही. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत एक विशीतला पोरगा भाताचे पातेले घेऊन वाढत होता. तो त्या भावाचा मुलगा, असे माझ्या विद्यार्थिनीने मला खुणेने सांगितले. त्याला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी अडवलेही नाही.

त्या रात्रीनंतर मी पनवेलच्या आसपास आणखी दोन हळदींना गेले. एकीत धवलारीण होती, पण तिने दोन धवले म्हणून साडी घेतली आणि निघाली. दुसरीत धवल्यांची ध्वनिफीत लावली होती. ध्वनिफितीत गणपतीही येतो, एकवीराही येते, आवाजही गोड असतो. त्या घरची नावे मात्र तिच्यात कशी असणार? देव सर्वांचे सारखे, म्हणून फितीवर चालून जातात. खरी कारागिरी उत्तरार्धात आहे, आणि ती दर मांडवाला नव्याने बेतावी लागते: नावे कोणत्या क्रमाने घ्यायची, विधवेचे नाव कुठे, दत्तकाचे कुठे, सवतीचे कुठे. हे शास्त्र कुठे लिहिलेले नाही. माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात महदंबेच्या धवळ्यांची संपादित प्रत आहे, टिपांसकट. तिच्यात याचे उत्तर मिळणार नाही.

सुनेला ओळ ओढता येते, उचलता येत नाही. मी तिला कारण विचारले, तर म्हणाली की सासू म्हणते ते अंगात भिनले आहे, पण पहिला शब्द ओठावर येईपर्यंत पोटात गोळा येतो. चुकले तर लग्न चुकेल. ही भीती मला फार खरी वाटली. आम्ही वर्गात शिकवतो ते चुकले तर दोन गुण जातात.

माझी विद्यार्थिनी परीक्षा आटोपल्यापासून धवलारणीबरोबर हिंडू लागली आहे. मृगाचा पाऊस पडायच्या आत तिने तीन मांडवांत मागची ओळ ओढली. घरी यावरून कुरबूर आहे. शिकलेल्या मुलीने लुगड्या-नारळावर लग्ने लावीत हिंडावे हे आईला पसंत नाही, आणि त्या माउलीचेही काही चुकले असे मला म्हणवत नाही. पोरीने एक जाड वही केली आहे. तिच्यात धवले लिहिलेले नाहीत, म्हातारीने लिहू दिले नाहीत. तिच्यात घरे लिहिलेली आहेत. एकेका पानावर एकेक कूळ, आज्या-पणज्यापासून. ज्यांचे बोलणे नाही त्यांच्या नावापुढे बारीकशी फुली, म्हणजे तिथे आवाज चढवायचा.

दिवाळी संपली की तुळशीची लग्ने, आणि ती लागली की पुन्हा मुहूर्त. वहीत तीन तारखा पडल्या आहेत. त्यांतल्या दुसऱ्या मांडवात, चाळिसातली शेवटची दहा नावे तिने उचलायची, असे म्हातारीने तिला सांगून ठेवले आहे.